आईचा डावा हात

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, मुरुडचा मासळीबाजार भरायला लागला आणि माझ्या आईच्या गालात बर्फ दिसायला लागला. मासे ठेवायच्या थर्माकोलच्या खोक्यातला, बांगड्यांच्या वरचा, त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारा खडा ती उचलायची, तांब्यातल्या पाण्याने धुवायची आणि उजव्या गालात ढकलायची. गिऱ्हाईक आलं की तो खडा जिभेने मागे सारून बोलायची. गाल फुगलेला, शब्द बोबडे, पण आवाज तोच. तिने बाजाराच्या एका टोकाला हाक दिली की दुसऱ्या टोकाची मांजरंसुद्धा कान टवकारायची.

खालच्या बाजूची, मागून दुसरी दाढ. चहाचा घोट लागला की ती बसल्या जागेवरून उठून उभी राहायची. थंडाने मात्र थांबायचं. माझ्या ओळखीच्या सगळ्यांचे दात थंडाने ठणकतात, हिची दाढ थंडाने गप्प व्हायची. तोंडातली स्वतःची ऊबसुद्धा त्या दाढेला सोसत नव्हती. खडा विरघळला की पाच-सात मिनिटांत कळ परत यायची, मग पुढचा खडा. बर्फ तिला परका नव्हताच. माझे वडील गेल्यापासून, म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासून, रोज सकाळभर तिचे हात बर्फातच असतात. हात बधिर झाले की काटा टोचलेला कळत नाही, असं ती सांगते, आणि सांगताना ती मोठी सोय असल्यासारखी सांगते.

मी अलिबागला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. अर्धवट भरलेला फॉर्म घेऊन येणाऱ्या पालकांना मी खिडकीतूनच परत पाठवते. "सगळी माहिती भरल्याशिवाय मी हात लावणार नाही," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असेन. शाळेत मला सगळे थोडे टरकून असतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. एका शनिवारी घरी गेले तेव्हा हा बर्फाचा प्रकार बघितला आणि आईला फाडफाड बोलले. किती दिवस चाललंय हे? मला का नाही सांगितलं? माशांवरचा बर्फ तोंडात घालतेस, लाज नाही वाटत?

तोवर तिचे उपाय करून झाले होते. लवंग दाबून झाली होती, मिश्री तर रोजचीच. कोळीवाड्यातल्या एका म्हातारीकडे जाऊन, दाढेतली कीड पडावी म्हणून रिंगणीच्या बियांची धुरीही घेऊन आली होती. म्हातारीने पाण्याच्या ताटलीत पडलेली कीड दाखवली म्हणे.

"किडा निंगाला," आई म्हणाली, "दुखना र्‍हायला."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण हसताना गालावर हात गेला आणि हसू तिथेच राहिलं. त्या क्षणी मला तिची फार दया आली. दया आली की मी आणखी चिडते, हा माझा जुना रोग आहे.

पुढच्याच आठवड्यात तिला अलिबागला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. त्याने एक्सरे काढला, दाढेवर बारीक हत्याराची मूठ टक्कन मारली तशी आई खुर्चीत ताठ झाली. दाढेच्या आतली नस सुजली आहे आणि मुळाशी पू धरायला लागला आहे, असं त्याने सांगितलं. आतलं सगळं साफ करून दाढ बंद करायची, तीन-चार वेळा यावं लागेल. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सूज असते ना, तिथे भूल नीट चढत नाही. म्हणून आधी पाच दिवस गोळ्या घ्या. आणि त्या दिवशी येताना काहीही लावून यायचं नाही. लवंग नको, तेल नको, बर्फ नको. दुखत असेल तर दुखत या. बधिर झालंय की नाही ते मला त्यांच्याकडूनच कळणार आहे."

मी मान हलवली. डॉक्टर, पोलीस आणि बँकेतली माणसं असल्या सूचना देतच असतात. गोळ्यांचं वेळापत्रक मात्र मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलं आणि रोज फोन करून घेतल्याची खात्री केली. पाचही दिवस तिने गोळ्या घेतल्या. सहाव्या दिवशी मी तिला आणायला मुरुडला गेले.

मुरुडहून अलिबागला एसटीने दीड-दोन तास लागतात. गोळ्यांनी सूज थोडी उतरली होती, पण कळ होतीच. सकाळी निघताना आई दारात उभी राहून म्हणाली, "बर्फाबिगर मी गारीत बसनार नाय." दोन तास ती गालावर हात ठेवून माझ्या शेजारी कण्हत बसणार, सगळी गाडी बघणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. मीच घरातला चहाचा थर्मास घेतला. मीच खोक्यातला बर्फ फोडून त्यात भरला. तो धुतला, पण घाईत धुतला.

काशीद येईपर्यंत तीन खडे झाले होते. रेवदंड्याच्या पुढे ती खिडकीला डोकं टेकून चक्क झोपली. एवढ्या दिवसांत ती आडवी होऊन झोपली नव्हती, आडवं झालं की ठणका वाढायचा. मला वाटलं, बरं झालं बर्फ घेतला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तिला तोंडातला खडा गटारात थुंकायला लावला, पदराने तिचं तोंड पुसलं आणि बजावलं, "बर्फाचं काही बोलू नकोस."

डॉक्टरने विचारलं, "सकाळपासून काही लावलंय?"

"काही नाही," मी म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं आणि तीही म्हणाली, "काय नाय."

का खोटं बोलले? डॉक्टर रागावेल म्हणून नाही. तो रागावणाऱ्यातला नव्हताच. बर्फ म्हटलं की कुठला बर्फ, हे सांगावं लागलं असतं. गळ्यात सोन्याची माळ, अंगाला मासळीचा वास आणि तोंडात बांगड्यांचा बर्फ, अशी माझी आई त्या पांढऱ्या खोलीत बसली आहे, हे मला त्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं. मला तिची लाज वाटत होती. हे लिहायला मला बराच वेळ लागला आहे.

त्याने जबड्याच्या मागे इंजेक्शन दिलं. आईने हूं का चूं केलं नाही. "दहा मिनिटं बाहेर बसा, ओठ जड झाला की सांगा," असं म्हणून तो दुसऱ्या पेशंटकडे गेला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर हिरड्यांच्या रोगांचं चित्र लावलेलं होतं, ते बघू नये म्हणून मी फोन काढला. सहा-सात मिनिटं झाली असतील. आईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"बर्फ दे गो."

"आता? इंजेक्शन दिलंय ना?"

"दे ना. उठलाय परत."

खरं म्हणजे तिथे सगळा हिशेब होता. भूल चढली असती तर तिने बर्फ मागितलाच नसता. एवढं लहान पोरालाही कळलं असतं. मी मात्र इकडेतिकडे बघितलं, थर्मासचं झाकण उघडलं, तळाशी उरलेले दोन बारके खडे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "लवकर संपव."

तिने ते दोन्ही गालात धरले. आतून बोलावणं आलं तेव्हा ते विरघळून संपले होते.

"ओठ जड झाला का?" डॉक्टरने विचारलं.

"व्हय."

त्याने कापसाच्या बोळ्यावर कसलासा थंड फवारा मारून तो दाढेला लावला. "कळ येते?"

"नाय."

तिला कशी येणार? थंडाने तर ती दाढ गप्पच बसायची. ओठ जड होताच, बर्फाने. या वेळी आईने एकही शब्द खोटा सांगितला नाही. खोटं जे होतं ते मी आधीच सांगून ठेवलं होतं.

मग त्याने खुर्ची मागे झुकवली, तिच्या डोळ्यांवरचा दिवा सरकवला आणि म्हणाला, "दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबतो. काही घाबरायचं नाही."

मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. तिचा डावा हात खुर्चीच्या कडेला होता, बोटं पदराचं टोक चुरगाळत होती. मला भरून आलं. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. घट्ट. खूप वर्षांनी घेतला होता. तिचा तळवा खरखरीत आणि गार होता, आणि मला वाटलं, आज एवढं तरी मी हिच्यासाठी करते आहे.

मशीन सुरू झालं. पहिलं मिनिटभर काहीच झालं नाही. मग तिचा हात हलला. मी दाबून धरला आणि म्हणाले, "झालं हं, झालं, घाबरू नकोस." तो पुन्हा उचलला गेला, जरासाच, आणि मी तो खाली दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात चाललं होतं. म्हातारी माणसं घाबरतातच, असं मी मनाशी म्हटलं. डॉक्टरची नजर दाढेवर होती आणि कानावर मशीनचा आवाज. हात वर आला असता तर त्याला तो नक्की दिसला असता. मी मात्र "झालं, झालं" म्हणतच राहिले. नंतर हात हलायचा थांबला.

मग मशीन दाढेच्या आतल्या सुजलेल्या नसेपर्यंत पोचलं. आईचं सगळं अंग खुर्चीवरून उचललं गेलं. घशातून आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि परत ऐकायची माझी तयारी नाही. तिचा पाय माझ्या खांद्याच्या पिशवीवर बसला, तिच्यातला थर्मास फरशीवर आपटून उघडला आणि उरलेलं पाणी पसरलं. पांढऱ्या टाइल्सवर त्या पाण्यात एक खवला चमकत होता.

डॉक्टर थांबला. त्याने खवल्याकडे बघितलं, थर्मासकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. मी अजून आईचा हात धरून होते.

"सोडा त्यांना," तो म्हणाला.

मी सोडला. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते.

"बर्फ कधी दिला होता?"

"मघाशी. बाहेर बसलो होतो तेव्हा."

त्याने मशीन बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाला, "त्यांनी बर्फ मागितला, तेव्हाच मला हाक मारायची होती."

रागावला असता तर बरं झालं असतं. मला रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्याने आईची माफी मागितली, आता थेट दाढेत भूल देतो, ती चढतेच, असं सांगितलं. पण आईने तोंड मिटलं होतं आणि ती ते उघडायला तयार नव्हती. बरंच समजावल्यावर तिने त्याला फक्त औषध भरून दाढ वरवर बंद करू दिली. निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दोन दिवसांत आणा. हे अर्धवट राहिलेलं चालत नाही. पू खाली गळ्यात उतरला तर जिवावर बेतेल."

दोन दिवसांनी ती आली नाही. "बाजार हाय." चार दिवसांनी वाड्यात लग्न होतं. मी फोनवर ओरडले, रडले, शेवटी डॉक्टरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, गळ्यात उतरेल, जिवावर बेतेल. "बरा," ती म्हणाली. शनिवारी मुरुडला गेले तर तिच्या गालात बर्फ होता. मी रिक्षा बोलावून आणली. ती घराच्या मागे, बोंबील वाळत घातले होते तिथे जाऊन उभी राहिली आणि रिक्षावाला कंटाळून निघून जाईपर्यंत पुढे आली नाही. एवढी मोठी बाई बोंबलांच्या आड लपलेली बघून मला कसंसंच झालं. मी म्हणाले, "मर मग." हे शब्द माझे आहेत.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकीचा फोन आला. "तुजे आयशीचा गला सुजलाय. बोलाला येत नाय तिला. थुकी पन गिलवत नाय."

मी पोचले तेव्हा हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक झाला होता आणि तोंड एक बोटभरही उघडत नव्हतं. ती पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घेत होती. तांब्यात बर्फ होता, पण आता तो आत जात नव्हता. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सने मुंबईला पाठवलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्या उजव्या बाजूला बसले. डाव्या बाजूला बसायचं धाडस झालं नाही.

तिथे तिच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली, जबड्याखाली दोन ठिकाणी चिरून पू काढला आणि दाढ उपटून टाकली. अर्धे रकाने मी रिकामेच सोडले, तेव्हा खिडकीतल्या बाईने मला फॉर्म दुसऱ्यांदा भरायला लावला. पहिले चार दिवस आई वाचेल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसून एकच गोष्ट आठवत होते. तिने माझ्या मांडीवर ठेवलेला हात आणि "बर्फ दे गो."

ती वाचली. दिवाळीच्या आधी घरी आली. गळ्यावर आणि जबड्याखाली व्रण आहेत, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, भात कुस्करून खावा लागतो. आवाज गेला. म्हणजे बोलते, पण घरघरत, शेजारी बसलेल्याला ऐकू येईल इतपत. बाजारात तिने पुन्हा पाटी मांडली आहे, पण आता गिऱ्हाईक समोरून जातं आणि तिला हाक मारता येत नाही. पलीकडच्या बाया तिच्या वतीने ओरडतात. ती बघत बसते.

मी दर शनिवारी जाते. मनात धरून चालले होते की बर्फापायी तिचा माझ्यावर राग आहे. मी खोटं बोलले, तिलाही बोलायला लावलं, त्याचा. परवा कोळंबी सोलत बसलो होतो, दोघींच्या मध्ये परात होती. मी खाली मान घालून म्हणाले, "आये, त्या दिवशी मी बर्फ द्यायला नको होता."

"बर्फाचा काय," ती म्हणाली. "मीच मांगला व्हता."

"मग दुखत होतं तेव्हा हात का नाही वर केलास? डॉक्टरने सांगितलं होतं ना?"

तिने सोललेली कोळंबी परातीत टाकली. "तू धरला व्हतास."

"ओढायचा होतास!"

"डाक्टर बोलला तवा तू तितच व्हतीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मी ओळखला असता. "तुनीपन आयकला. आन मंग तू हात धरलास. मना वाटला, तू सांगतंस, आथा सोसाचा."

मग विचारायला नको होतं तेही विचारलं. "आणि परत का नाही आलीस? दाढेत भूल देतो म्हणाला होता तो."

"संगती तूच आली असतीस ना," ती म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली.

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. या हातांनी ती बर्फाची अख्खी लादी बंदरावरून ओढत आणते, भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढवते. माझे हात ऑफिसातले, त्यांनी कधी कागदांपलीकडे काही उचललं नाही. तिने मनात आणलं असतं तर एका हिसक्यात हात सोडवला असता. तिला धरून ठेवायची ताकद माझ्यात कधीच नव्हती.